साडेचार फुटांचा वाद

जानेवारीचा दुसरा शनिवार, आणि अग्निशमन ठाण्यामागे
गवत हिरवं.
रेइनो हेइकिला बुटाच्या टोकाने ते उचकटून बघतो,
खाली कोणी काही लपवलंय की काय.
सुपीरियर सरोवर अजून गोठलेलं नाही,
लाटा बेशरमपणे किनाऱ्याला येतात.

आत कॉफी उकळून उकळून कडू झालेली,
आयलीने आणलेला वेलदोड्याचा पाव,
आणि विषय एकच.

"एकोणऐंशीला," आयली म्हणते,
"आम्ही माडीच्या खिडकीतून ये-जा करायचो.
पोस्टमनसुद्धा. बिचारा टोपी काढून, वाकून,
माझ्या निजायच्या खोलीतून खाली उतरायचा,
बिलं ठेवायचा, आल्या वाटेने परत."
"तुमच्या घराला माडी नव्हतीच," रेइनो.
"होती. बर्फ वितळला तेव्हा गेली."

क्लॅरेन्स ट्रेगियर हसत नाही.
तो नऊ वर्षांचा होता. स्वयंपाकघरापासून गोठ्यापर्यंत
कपडे वाळत घालायचा दोर बांधलेला,
तोच धरून दूध काढायला गेला,
आणि परतताना दोर हातात सैल आला.
पुढे घर नाही, मागे गोठा नाही,
बादलीतल्या दुधाचाही रंग दिसेना.
तो जागचा हलला नाही. मग कुठून तरी
आई तवा बडवत असल्याचा आवाज.
"अजून," तो म्हणतो, "हॉटेलात भांडं पडलं
की माझे पाय तिकडे वळतात."

डोलोरेस व्हिटोनी लग्नाला माझ्या वडलांच्या
बर्फ उपसायच्या ट्रकमधून गेली होती.
पांढरा झगा, पांढरा रस्ता, पांढरं चर्च,
"नवरा दारात उभा राहून विचारतोय, नवरी कुठंय?
आणि मी त्याच्यासमोर!"
त्या दिवशी साडेचार फूट पडला होता.
"चार," क्लॅरेन्स.
"साडेचार. मी चाललेय त्यातून, तू नाहीस."

कोणी फावड्याचा हिशोब मांडत नाही.
वडलांची दोन बोटं त्याच हिवाळ्यात गेली,
पाठ त्यानंतर कधी सरळ झाली नाही,
आणि मार्चमध्ये आई भिंतीशी बोलू लागली होती.
मी पाव खाते.

मग आयली, कपात बघत:
"विल्हो फेब्रुवारीत गेला. जमीन दगडासारखी.
मेपर्यंत त्याला कबरस्तानाच्या कोठडीत ठेवला,
ना माझ्याकडे, ना मातीकडे.
रोज संध्याकाळी दाराशी उभी राहून
त्याला सांगून यायचे, आज किती पडला ते.
इंचांत सांगायचे. फुटांत सांगितलेलं त्याला पटायचं नाही."

रेडिओवर उद्याचा अंदाज. पाऊस.
रेइनोने तो बंद केला, जरा जोरातच.

कोपऱ्यात पाण्याच्या नळ्यांमागे मोजायची काठी आहे,
वडलांच्या पेन्सिलीच्या खुणा, बाजूला तारखा.
मागच्या उन्हाळ्यात साफसफाई करताना
डोलोरेसच्या लग्नाची तारीख मी शोधली.
सव्वातीन.
वडील मोजमापात कधी खोटं बोलले नाहीत,
बाकी सगळ्यात बोलले.

"अगं, तुझ्या वडलांनीच मोजला होता ना?"
डोलोरेस माझ्याकडे वळली. सगळेच वळले.
"किती होता?"
मी कप खाली ठेवला.
"पाच," म्हटलं. "पाचाला थोडा कमी."
क्लॅरेन्सने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं,
आणि पावाचा शेवटचा तुकडा माझ्या बशीत सरकवला.

ट्रक गॅरेजला न्यायचा होता.
थँक्सगिव्हिंगपासून पुढे पातं लावून ठेवलंय,
एकदाही रस्त्याला टेकलेलं नाही.
चढावर, मागेपुढे कोणी नाही बघून,
मी ते खाली सोडलं, दहा-बारा हात,
नुसत्या डांबरावर. ठिणग्या उडाल्या.
वडील परत यायचे तेव्हा पहाटे
अंथरुणात ऐकू यायचा, तोच आवाज.
उचलून घेतलं. डांबर सरकारी आहे.

आयलीच्या घरासमोरून जाताना
छपराच्या वर, जिथे माडी असती, तिथे बघितलं.
वायपर चालू केले.