शेपटीची उंची

कुणाच्या कळपात किती रेनडियर, हे आमच्यात विचारत नाहीत.
ते म्हणजे दुसऱ्याच्या खिशात हात घालणं.
विचारलंच कुणी, तर सांगायचं :
आहेत, थोडे झाडाच्या या बाजूला, थोडे त्या.
आणि माझी एल्ले, अकरा वर्षांची,
भरल्या ताटावर जाहीर करते,
बाबा, माझ्याकडे सतरा लांडगे आहेत.

मी चमचा खाली ठेवला.

सतरा.
मागच्या एप्रिलात एकट्यानेच माझ्या नऊ गाभण माद्या
टेकडीच्या उतारावर पसरून ठेवल्या होत्या.
बर्फ किती लांबवर लाल होतो
हे मी घरात बोललो नव्हतो.

तिच्या जगात सगळं चौकोनी. सूर्य, ढग, डुकरंसुद्धा.
बर्चची झाडं आहेत, बर्फही आहे,
फक्त रेनडियर तेवढा एकही नाही.
मग खातात काय तुझे लांडगे?
मी देते ते.

हाड पुढे करायचं. एक, दोन, कधी पाचव्याला
हवेत बदाम उमटतात, लाल,
आणि गळ्यात पट्टा आपोआप येतो.
झाला आपला.
आमच्याकडे वासराला दोरीनं खाली घ्यायचं,
गुडघ्याखाली दाबायचं,
डाव्या कानाला दोन खाचा, उजव्याचा शेंडा तिरपा,
आणि कापलेले तुकडे खिशात टाकायचे.
रात्री मोजायचे ते तुकडे. अजून गरम असतात काही.

तू कधी हाड देऊन पाहिलंस?
एल्लेने विचारलं.
चेष्टा नव्हती तिच्या आवाजात, म्हणून उत्तर सुचलं नाही.

ऑगस्टात ती शाळेसाठी आल्ताला गेली, मावशीकडे.
जग इथेच राहिलं, खिडकीजवळच्या कॉम्प्युटरात.
डिसेंबरात फोन :
बाबा, रानेसला गुहेच्या तोंडाशी बसवून आले होते.
बस म्हटलं की तो बसूनच राहतो.
उठवशील?

दोर फेकणारी बोटं माझी, माउसवर मावत नाहीत.
उजवं बटण म्हणाली होती, डावं दाबलं गेलं.
फटका बसला. रानेस कळवळला.
मालकावर उलटत नाहीत म्हणे. नाही उलटला.
पण शेपटी खाली गेली,
आणि ती खाली गेली म्हणजे काय
हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

पेटीत मटण सापडलं, मेंढीचं.
एक तुकडा दिला. शेपटी जरा वर.
आणखी एक.
मी, बिएरा, मध्यरात्री लांडग्याला भरवतोय,
कळपवाल्यांच्या बैठकीत हे कळलं असतं
तर कॉफीसुद्धा मिळाली नसती मला.
आणखी एक. आता बरोबर वर.

उठला?
उठला.
आता बंद करण्याआधी बसव हं, नाहीतर
तुझ्यामागे येता येता लाव्ह्यात पडेल.
बसवला. बंद केलं. दिवा घालवला.

अडीचला परत उठलो.
पाणी प्यायला, असं बायकोला सांगितलं.
तो तिथेच होता, डोक्यावर बर्फ पडत होतं,
मान एका बाजूला कलती करून बघत होता,
माझ्या हातात काय आहे ते.
उठ म्हटलं. उजवं बटण.
कुठे न्यायचा ते मला माहीत नव्हतं,
त्याचं रान मी कधी तुडवलेलं नाही.
बर्चमधून नुसता चालत राहिलो, तो मागे मागे.
लाव्हा दिसला तिथून लांबून वळलो.
तिकडे दहा मिनिटांत उजाडलं.
आमच्याकडे सूर्य महिनाभर तरी येणार नव्हता.

सकाळी स्कूटर काढली.
बंदूक घेतली, नेहमीप्रमाणे,
खिशात शिक्का मारलेला परवाना, एका लांडग्याचा.
ओढ्यापलीकडे ठसे होते, ताजे,
कडासुद्धा अजून गोठल्या नव्हत्या.
इंजिन बंद करून वाकलो, हातमोजा काढून मापले.
वजन कळलं. वेग कळला. एकटा आहे, तेही.

शेपटीची उंची ठशांवरून कळत नाही.