सहा डॉलर पंचाहत्तर

बँकेतली मुलगी फोनवर एकेक ओळ वाचते
आणि मी म्हणते, नाही.
टॅम्पा, फ्लोरिडा, बुटांचं दुकान, चारशे बावीस. नाही.
कानात घालायची यंत्रं, एकशे नव्वद. नाही.
पहाटे तीन वाजून चार मिनिटांनी
कुठल्याशा खेळातली खोटी नाणी,
खऱ्या पैशांनी घेतलेली. नाही गं बाई.
त्या वेळी मी थंडर बेमध्ये माझ्या पलंगावर होते,
पायात दोन मोजे, एकावर एक,
आणि खिडकीबाहेर उणे एकतीस.
साक्षीदार आणू का, विचारलं.
ती हसली नाही. तिला हसायची मुभा नसावी.
ओंटारिओमधली कुठलीशी नंबरवाली कंपनी, सहा पंचाहत्तर.
नाही, म्हटलं. तोवर जिभेला वळणच पडलं होतं.

एकोणीस वर्षं तो आकडा मला तोंडपाठ.
शाळेची बस चालवायचे तेव्हा
लाल दिव्यापाशी आरशात मुलं मोजायची,
तसाच कधीकधी तोही मोजायचे:
चार-चारच्या चार रांगा, सगळे जागेवर.
कुणीतरी किल्ली न मागता
ती बस फ्लोरिडाला हाकत नेली.

खरं सांगते, त्या यादीत मी दुधाची पावडर शोधली.
लंगोट, खोकल्याचं औषध,
कुणाचं तरी थकलेलं वीजबिल.
मनातल्या मनात त्याला सोडून दिलं असतं
आणि मीही जरा चांगली ठरले असते.
तसलं काही नव्हतं.
बूट होते. अकरा नंबरचे. दोन जोड.

नवं कार्ड सातव्या दिवशी आलं,
आणि मग निस्तरणं सुरू झालं.
वर्तमानपत्र. बर्फ उपसणारा डॅरिल.
चर्चमधल्या गाणाऱ्यांची वर्गणी.
कुत्र्यांचा आश्रम, जिथं मी दरमहा बारा डॉलर धाडते
आणि एकदाही पाऊल ठेवलेलं नाही.
फोन कानाला लावून, ती तीच धून ऐकत
वहीत बरोबरच्या खुणा करत बसले.
या इतक्या दोऱ्या मीच बांधल्या?
गाठ मारल्याची एकही आठवण नाही.

मासेमारीच्या मासिकाचा फोन त्यांनीच केला.
मिस्टर रेइनो लेहतोनेन यांची वर्गणी
या महिन्यात जमा झाली नाही.
रेइनो माझा भाऊ.
त्याला जाऊन तीन हिवाळे झाले.
अंक येत राहिले, मी ते सॉनाच्या बाहेरच्या खोलीत
प्लॅस्टिकसकट रचत राहिले,
बंद करा म्हणायला तोंडच उघडलं नाही.
नवा नंबर देताय का, त्या माणसानं विचारलं.
कार्ड माझ्या हातातच होतं,
आकडे अजून परके,
सप्टेंबरातल्या पहिल्या दिवशी बसमध्ये चढणाऱ्या पोरांसारखे.
मी म्हटलं, नाही.
मग वही मिटली आणि बराच वेळ
काही केलं नाही.

ती नंबरवाली कंपनी मात्र माझ्या डोक्यातून जाईना.
तारीख पाहिली. सतरा जानेवारी.
दंतवैद्याकडून परतताना
व्हर्नाच्या बेकरीत थांबले होते,
वेलदोडा घातलेला गोड पाव, पुल्ला म्हणतो आम्ही,
आणि एक कॉफी.
कागदावर तिच्या दुकानाचं नावच नाही, नुसते आकडे.
बँकेनं तिच्याकडून ते पैसे कापून
मला परत केले होते, दिलगिरीसकट.

रोख सात डॉलर घेऊन गेले.
सगळं सांगितलं, टॅम्पापासून.
व्हर्ना हात पुसत म्हणाली,
त्या दिवशी खिडकीपाशी बसली होतीस ना,
अर्धं तोंड बधिर, कॉफी सांडत होतीस?
हो, म्हटलं. मीच ती.
तिनं गल्ला उघडला
आणि पंचवीस सेंट परत दिले.