कारंज्याच्या पुढे

काचेवरचा टॅग त्याच्या गाडीचा,
मोबाइल नंबर माझा.
बँकेत फॉर्म भरला त्या दिवशी
देविदासचा फोन पाण्यात पडला होता,
एवढंच कारण.

दिग्रसला सरकीची ढेप भरते. अठरा टन.
सिन्नरकडच्या गोठ्यांसाठी.
कारंज्यापर्यंत मला विचारायचं काही नसतं,
रस्ता एकच.
कारंज्याला त्याचे दोन होतात
आणि फोन वाजतो.
"बोल, कोणीकून काढू?"

मी कारंज्याच्या पुढे कधी गेले नाही.
पण पोरीच्या जुन्या भूगोलाच्या वहीत,
नकाशे चिकटवून उरलेल्या पानांवर,
दोन्ही रस्ते माझ्याकडे आहेत.

डावीकडे समृद्धी.
अडीच हजारांच्या वर टोल, एका खेपेचा.
लद्धड शेठ भाडं ठरवतानाच सांगतात,
"टोल तुमच्यातच धरा, ताई."
ताई म्हटलं की समजायचं, पैसा वाढणार नाही.

उजवीकडे जुना रस्ता,
मालेगाव, मेहकर, सिंदखेडराजा, जालना.
टोलच्या जागी मी शून्य लिहिते
आणि शून्याखाली लिहीत जाते:
डिझेल जास्तीचं, कारण गावागणिक गतिरोधक
आणि भरली गाडी दर वेळी पहिल्या गिअरातून उठते.
सोपानचं एक जेवण, वर चहा, वर खर्रा.
डोणगावजवळ तुटलेलं कमानीचं पान,
करीमभाईनं उधारीवर बसवलेलं,
ते बारा खेपांत वाटून.
टायरची झीज कशी मोडायची ते कळत नाही,
मी अंदाजे शंभर धरते.

तरी उजवी बाजू नऊशेनं स्वस्त पडते.
कधी सातशेनं.
सातशे म्हणजे हप्त्यातला अर्धा दिवस.

देविदास म्हणतो, "समृद्धीवर झोप येते वं.
ना वळण, ना कुत्रं, ना चहाची टपरी.
जुन्या रस्त्यानं गतिरोधक जागी ठेवते माणसाले."
हे मी कुठल्या रकान्यात लिहू?

आणि अजून एक आहे, ते मी कोणालाच सांगितलं नाही.
समृद्धीवर आत शिरताना पैसे कटत नाहीत.
बाहेर पडताना कटतात, एकदम.
रात्री नऊला तो आत जातो,
मग काही नाही.
मी भांडी घासते, पोरीचा डबा भिजवते,
फोन उशाखाली, आवाज पूर्ण वाढवून.
पहाटे चारच्या सुमारास टिंग होतं.
अंधारात वाचते:
आपल्या खात्यातून इतके रुपये वजा.
आणि वजा हा शब्द वाचून
मी कूस बदलून झोपते.

जुन्या रस्त्यानं कोणी काही कापत नाही.
त्या रात्री फोन नुसता गरम होतो, उशाखाली.
सात वाजता जालन्याहून आवाज येतो,
"टायर बसला होता. तू काहून जागी?"

आज बॅलन्स होता एकशे चाळीस.
कारंज्याचा फोन यायच्या आधीच
मी तीन हजार टाकले.
गॅसचे होते त्यातले आठशे.

"समृद्धीनं जा," म्हटलं.
"काहून? काल तर म्हणे जुना परवडते."
"सकाळी लवकर पोचला तर कांद्याचं भाडं भेटते.
दुपारी पोचला तर रिकामी येशील.
रिकामी गाडी येऊन रायली म्हणजे
दोन्हीकडचा टोल वाया."
तो थोडा वेळ गप्प.
मागे इंजिन चालू, सोपान कोणाला तरी शिवी देतोय.
"बराबर हाय तुझं," म्हणाला.

बरोबर आहेच. हिशोब खोटा नाही,
कांदा खरंच मिळतो, कधीकधी.
मी तो डाव्या रकान्यात लिहिला, जमा म्हणून,
अजून मिळायचा असूनही.

नऊ वाजून गेलेत.
तो आत शिरला असेल.