बोलत राहा

सव्वापाच. ओहोटी.
जुहूच्या ओल्या वाळूवर ढोबळी मोकळी सुटलेली,
पट्टा माझ्या खांद्यावर.
आणि समोरून नूरी, पाठीवर मुनाफ.

पहिल्या दिवशी ढोबळी तिच्या मागच्या पायांत घुसली.
लाथ हुकली, चार बोटांनी.
मुनाफ पडला नाही, ओरडलाही नाही.
उतरला, लगाम आखडून म्हणाला,
"काका, पाठीमागून कधी नको.
लांबूनच कुत्रीला बसवा, पाण्याच्या बाजूला सरका,
आणि बोलत राहा.
गप्प उभा माणूस हिला खांब वाटतो,
नाहीतर वाघ."
"काय बोलू?"
"काहीपण. हिला कुठं भाषा कळते?"

तेव्हापासून नूरी दिसली की
ढोबळीच्या गळपट्ट्यात दोन बोटं अडकवून
मी सुरू करतो:
नूरीबाई, लाइट बिल पाहिलंस का या महिन्याचं?
दूधवाला शनिवारी आलाच नाही.
डावा गुडघा, पुन्हा.
अवनीचा फोन येतो, रविवारी,
मागे भांड्यांचा आवाज.
नूरी कान वळवते, आधी एक, मग दुसरा,
दुडकी सोडून पावलावर येते.
ढोबळीची शेपटी वाळूत पंखा काढते.

काल मुनाफ थांबला.
म्हणाला, "सरावली आता ती.
गप्प राहिलात तरी चालेल."

बरं, म्हटलं.
पट्टा अडकवला, सोडला, परत अडकवला.
एक लाट चपलेत शिरून गेली.
नूरी पन्नास पावलं पुढं गेली असेल
तेव्हा आठवलं,
सिलिंडरचं सांगायचं राहिलं.