हाली पैसा

देगलूर नाक्यावरची सॉ मिल बंद पडली
तेव्हा हे रंधा मशीन किलोवर चाललं होतं.
मी किलोमागं दोन रुपये जास्त लावले.
टेम्पोतून उदगीरला येताना
दर गतिरोधकावर ते मागून खोकायचं.

"काय करलालाव हे भंगार घेऊन?"
मी म्हणालो, चौतीस वर्षं खांबावर चढलो,
लोकाच्या मोटारी चालू करून दिल्या,
आता एक आपली.
ती म्हणाली, लोणच्याच्या बरणीला हात लावायचा नाही.
एवढीच अट.

सगळा उन्हाळा गंजात गेला.
घासलेट, काथ्या, तारेचा ब्रश,
मग लिंबूफुलाच्या पाण्यात एकेक नट रात्रभर.
सकाळी टबात काळा चहा.
पत्र्याच्या शेडमध्ये दुपारी पाना हातात धरवत नव्हता,
त्याला ओलं फडकं गुंडाळून धरायचो.
रंग सुटत गेले. करडा, त्याखाली हिरवा,
त्याखाली कुठल्याशा मालकाचा हौशी निळा,
आणि लोखंडाला लागून
खंडेनवमीचं कुंकू, वर्षावर वर्ष, पापुद्र्यांत.
तेवढी चार बोटं जागा सोडून घासलं.

डाव्या बेअरिंगची टोपी काढली
तर पांढऱ्या धातूखाली बसलेलं एक नाणं.
निजामाच्या राज्यातला हाली पैसा,
घासून घासून पिंपळपानाएवढा पातळ,
एका कडेला अर्धं अक्षर, तेही उर्दूत.
असल्या जुगाडाचा मला राग येतो.
मी मीटरवर विश्वास ठेवणारा माणूस.
गेज लावून माप घेतलं,
जालन्याहून पितळी पट्टी मागवली, ती बसवली.
नाणं फ्यूजतारेच्या डबीत.

मशीन फिरलं. शेजारची पोरं भिंतीवर चढून बघायला.
पण प्रत्येक फळीच्या शेवटी
नखभर खड्डा.
पातं पाजळलं, पट्टा आवळला, टेबल दोऱ्यानं तपासलं.
खड्डा तिथंच.

शेवटी नांदेडहून मैनोद्दीन मिस्त्रींना आणलं.
उजव्या हाताला साडेतीन बोटं,
उजवा कान याच मशीननं नेलेला.
त्यांनी ना टेबल पाहिलं ना पातं.
पेचकसाचं टोक टोपीवर टेकवलं,
मूठ डाव्या कानाला लावली,
डोळे मिटले.
चहावर साय धरली.

"पैसा किधर गया?"

मला वाटलं, मजुरी. मी खिशात हात घातला.

"ये नै. इसका. हाली."

मी डबी आणून दिली.
त्यांनी नाणं तळहातावर घेऊन अंगठ्यानं पुसलं,
ओळखीच्या माणसाच्या चेहऱ्यावरची धूळ पुसावी तसं.
सांगितलं की उस्तादनं आठ दिवस,
जेवणाच्या सुटीत, पायरीच्या दगडावर घासलं होतं.
हे पैसे तोवर बाजारात कुणी घेत नव्हतं,
लिमलेटची गोळीही मिळायची नाही.
घरात गाडगंभर पडून.
"मैं तब भुसा भरता था," एवढं बोलून थांबले.

नाणं परत आत गेलं.
कोणती कड वर, ते त्यांनाच ठाऊक.
स्विच दाबणार
तर माझ्याच खात्यानं लाइट नेली.
मला वेळापत्रक पाठ, मी म्हणालो पावणेबाराला येईल.
आम्ही शेडमध्ये बसून राहिलो.
उस्तादविषयी मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.
डासांबद्दल बोललो.

पावणेबाराला आली.
किनवटच्या सागाची फळी सरकवली,
पातळ ढलप्या उडाल्या,
मिस्त्रींच्या पांढऱ्या दाढीत दोन-तीन अडकल्या.
फळी बाहेर आली तशी त्यांनी
मधे हात फिरवलाच नाही, थेट टोकाला.
डावीकडून. मग उलटा, उजवीकडून.
"हौ," म्हणाले.

मजुरी घेतली नाही.
पोतंभर भुसा मागून घेतला,
कोंबड्यांखाली टाकायला.

पितळी पट्टी आता फ्यूजतारेच्या डबीत आहे.
माप अजूनही अगदी बरोबर.