ओळ सोडून एक ठिपका

राखाडी शाई आमच्याकडे कधीच नव्हती.
लोकांना खरं वाटायचं नाही.
हाउगेसुंदच्या त्या छापखान्यात
काळ्या शाईचे डबे होते, भिंतीला टेकून रचलेले,
आणि कागद होता, जेमतेम पांढरा.
बाकी सगळं,
खाडीवरचं धुकं, हेरिंगची पोटं, पाद्रीबुवांचा थकवा,
आम्ही लहानमोठ्या ठिपक्यांवर भागवायचो.

हाल्वोर मास्तर काचेची जाळी
सुईणीनं मूल धरावं तशी धरायचे.
दोन काचा, एकीवर आडव्या रेघा, एकीवर उभ्या,
सेंटिमीटरला पंचवीस.
उजेड तिच्यातून गाळून जायचा
आणि पलीकडे पोचेपर्यंत त्याचे दाणे झालेले असायचे.
मग जस्ताचा पत्रा. मग आम्ल.
"आम्ल पांढरं खातं," मास्तर म्हणायचे,
"काळं तेवढं आपण वाचवायचं."
मी एकोणीस वर्षांची होते,
बोटांची टोकं पिवळी पडलेली.
नाचाला जाताना हातमोजे घालायची.

फेब्रुवारीत 'हावगुला' परत आली नाही.
सात माणसं.
सहा घरांतून फोटो आले.
सातव्या घरातून गुरीने सेब्यो स्वतःच आली,
शालीखाली चर्चमधला एक जुना फोटो:
पंधरा वर्षांची चौतीस मुलं, तिसऱ्या रांगेत आनफिन,
चेहरा वाटाण्याएवढा.
"दुसरा नाही," म्हणाली. "काढायचा राहिला."

मास्तरांनी वाटाणा मोठा केला.
मोठा होत गेला तसा तो कुणाचाच राहिला नाही.
मी तिला भिंग दिलं, सगळं समजावून सांगितलं.
तिनं बराच वेळ पाहिलं.
"म्हणजे टाकेच की," म्हणाली,
"एक काळा, एक पांढरा."
मग भिंग न काढताच:
"त्याचा तीळ कुठाय?
डाव्या गालावर होता. इथं."
आणि तिनं माझ्या गालाला बोट लावलं.
लोकरीच्या तेलाचा वास होता त्या बोटाला.

कॅमेऱ्यानं जे पाहिलं नाही
ते आपण घालायचं नाही,
हा मास्तरांचा नियम दारामागे खडूनं लिहिलेला होता.
ते जेवायला गेले.
मी सर्वांत बारीक कुंचला घेतला,
डांबराच्या रोगणात बुडवला,
श्वास धरून
पत्र्यावर एक ठिपका दिला,
ओळीत न बसणारा. तिळाएवढा. तीळच.
आणि पत्रा आम्लात सोडला.

संध्याकाळी मास्तरांनी भिंगाखाली धरला.
"हा एक रांगेबाहेर आहे."
"धूळ असेल," मी म्हटलं.
ते माझ्याकडे पाहत राहिले.
मग म्हणाले, "असेल."

सकाळी अंक हातात आला तेव्हा कळलं.
पत्र्यावर सगळं उलटं असतं.
हे तर मीच नव्या पोरांना शिकवायची.
छापताना तीळ
उजव्या गालावर गेला होता.
तीन हजार प्रती. सगळ्या बंदरावर.

गुरीने दुपारी आली.
मी टेबलाआड उभी, पिवळी बोटं मुठीत.
तिनं अंक डोळ्यांशी नेला, हात लांब केला,
मग खिळ्याला अडकवून
एक एक पाऊल मागे सरकत गेली,
कागदाच्या गठ्ठ्यांमधून, दारापर्यंत,
दाराबाहेर, बर्फात.
तिथून म्हणाली, "आता आहे."
गालाबद्दल बोलली नाही.
तेव्हाही नाही, पुढची अकरा वर्षं
बाजारात भेटायची तेव्हाही नाही.

शनिवारी त्याच पानात कुणीतरी मला मासे बांधून दिले.
पत्रा वसंतात वितळवला, शाळेच्या नव्या घंटेच्या
बातमीसाठी जस्त हवं होतं.

तिला दिसलं होतं की नव्हतं?
मास्तर गेले, जाळी फुटली, मी म्हातारी झाले.
आजही कुणी रस्ता विचारला
की मी आधी हात वर करते,
हा डावा, हा उजवा,
आणि मगच बोलते.