घोडेवाला टलक

सप्टेंबर लागला की माताउरा ओलांडून
टलक यायचा, त्याचा क्लाइड्सडेल घेऊन.
खुरांवर केसांची झालर, शेपटीला लाल फीत.
पत्रकावर घोड्याच्या सात पिढ्या,
पाठीमागे पेंडरिलचं टॉनिक:
खोकला, उदासी, बायकांची दुखणी,
जनावराचा पोटशूळसुद्धा.

आम्हा मुलींना कुंपणाकडे बघायची बंदी.
आम्ही फळीच्या फटीतून बघितलं.

घोडीचे दोन पौंड. बाटलीचे साडेतीन शिलिंग
आईनं अंड्यांच्या पैशातून दिले.
हिवाळाभर चमचा चमचा.

शिंगरू झालं तेव्हा आई नव्हती.
घोडीला पान्हा फुटेना;
बाबांनी तीच बाटली विसळली,
तोंडाला चिंधी बांधली.
लेबल शाबूत होतं:
गुण न आल्यास पैसे परत.

टलक आला.
बाबांनी त्याला शिंगरू दाखवलं.
पैशाचं काही बोलले नाहीत.